पत्ता घराचा, डास कुठला?

सोलापूरचा पूर्व भाग. मागांची खडखड, आणि दारोदार भरून ठेवलेली पिंपं. उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून साठवावंच लागतं. त्याच स्वच्छ पाण्यात एडिस डासाची मादी अंडी घालते. डेंग्यू पसरवते तीच.

‘कोरडा दिवस पाळा’, म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करून सुकवा, हे सांगणं सोपं. पण पुढचं पाणी कधी येईल याचा भरवसा नसताना कुठली बाई भरलेलं पिंप ओतून देईल? म्हणून अ‍ॅबेट हे डासांच्या अळ्या मारणारं औषध नेमकं कुठे टाकायचं, गप्पी मासे कुठे सोडायचे, हे आधी कळायला हवं.

[नकाशावर लाल ठिपके उमटतात]

१८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडले. ते ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटले होते.

तरी नुसत्या ठिपक्यांवर विसंबता येत नाही. विडी घरकुलासारख्या दाट वस्तीत माणसंच जास्त, तिथे रुग्णही जास्त दिसणार. संख्याशास्त्रज्ञ मार्टिन कुलडॉर्फ यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत लहान-मोठी वर्तुळं नकाशाभर फिरवतात. लोकसंख्येच्या मानाने अपेक्षेपेक्षा रुग्ण कुठे जास्त आहेत, ते प्रत्येक वर्तुळात तपासतात. मग संगणक तेवढेच रुग्ण लोकसंख्येच्या प्रमाणात शहरभर कसेही विखरतो, बहुधा ९९९ वेळा. त्यातल्या एकाही नकाशात खऱ्याइतका ठळक पुंजका दिसला नाही, तर निव्वळ योगायोगाने तो दिसण्याची शक्यता हजारात एक.

गणित चोख आहे. पण त्याला आपण देतो तो पत्ता?

एडिस दिवसा चावतो आणि सहसा काहीशे मीटरपलीकडे जात नाही. मागावरचा कामगार दिवसभर कारखान्यात असतो, केसपेपरवर मात्र त्याच्या घराचा पत्ता. डास कारखान्यातल्या टाकीत वाढत असेल, तर एकाच शेडमधले दहा रुग्ण नकाशावर दहा गल्ल्यांत विखुरतात. पुंजका असूनही दिसत नाही, आणि फवारणी घरांभोवती होत राहते. शिवाय ज्यांनी गल्लीतल्या डॉक्टरकडून गोळ्या घेऊन ताप अंगावर काढला, तपासणी केलीच नाही, त्यांचा ठिपका उमटतच नाही.

केसपेपरवर एक ओळ वाढवायला हवी: कामाचं ठिकाण. मागवाला, विडी वळणारी, शाळकरी पोर, प्रत्येकाला विचारायचं, ‘दिवसा कुठे असता?’ मग वर्तुळं दोनदा फिरवायची, एकदा घरांवरून आणि एकदा कामाच्या जागांवरून, आणि जिथे पुंजका ठळक निघेल तिथल्या टाक्या आधी उघडायच्या.