लाळेतली गर्दी, कोपरातली घडी

नमस्कार श्रोतेहो. रेडिओ स्वयंपाकघरात असेल तर उत्तमच, कारण शरीरातल्या जिवाणूंची विविधता कशी मोजतात ते सांगायला आज मला दोन वाट्या कडधान्य लागणार आहे.

पहिल्या वाटीत मटकी, मूग, चवळी आणि हरभरा, प्रत्येकी 25 दाणे. दुसरीत मटकीचे 97 दाणे, बाकी तिघांचा एकेक. जाती दोन्हीकडे चारच. पण दुसऱ्या वाटीची उसळ केली, तर तिला मिश्र कडधान्यांची कोण म्हणेल? अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी 1948 साली संदेशवहनासाठी मांडलेलं सूत्र इथे कामी येतं. त्याच्या हिशेबाने पहिल्या वाटीत पुऱ्या चार जाती भरतात, दुसरीत जेमतेम 1.2. आतड्यातल्या किंवा तोंडातल्या जिवाणूंचा एकच नमुना घेऊन असा हिशेब केला, की ती अल्फा विविधता.

आता दोन्ही वाट्या शेजारी ठेवा. त्या एकमेकींहून किती निराळ्या, हा बीटा विविधतेचा प्रश्न. नुसती हजेरी घेतली तर फरक शून्य. चौघेही दोन्हीकडे हजर! दाणे जुळवायला बसलं, तर शंभरातले 28च जुळतात. फरक 0.72. हे ब्रे-कर्टिस माप 1957 चं, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या जंगलांच्या अभ्यासातलं. अल्फा, बीटा ही नावंही वनस्पतींचे अभ्यासक रॉबर्ट व्हिटेकर यांनी 1960 साली अमेरिकेतल्याच सिस्कियू डोंगरातल्या झाडाझुडपांवरून दिली. थोडक्यात, रानातली मापं आपल्या पोटात शिरली आहेत.

दोन्ही प्रश्न वेगळे का ठेवायचे, ते अमेरिकेतल्या ह्यूमन मायक्रोबायोम प्रोजेक्टने, म्हणजे माणसाच्या शरीरातल्या जिवाणूंचा अभ्यास करणाऱ्या प्रकल्पाने, 2012 मध्ये छान दाखवलं. 242 निरोगी माणसं तपासली. प्रत्येकाच्या लाळेत जातींची ही गर्दी, पण याची लाळ आणि त्याची लाळ बरीचशी सारखी. उलट कोपराच्या आतल्या घडीत, जिथे घामोळं येतं तिथे, विविधता मध्यमच; पण माणसामाणसांतला फरक सगळ्यात जास्त. मला तर हे वाचून गंमतच वाटली.

एक मेख मात्र आहे. वाटीऐवजी पायलीभर दाणे निवडलेत, तर एखादा चुकार वाटाणा सापडणारच. जिवाणूंचंही तसंच; ते मोजतात त्यांच्या डीएनएचे तुकडे वाचून. एका नमुन्यातून डीएनएचे 5 हजार तुकडे वाचले आणि दुसऱ्यातून 50 हजार, तर दुसरा उगीचच श्रीमंत दिसतो. म्हणून पुष्कळ जण दोन्हींतून सारखेच तुकडे उचलून मग मोजतात. त्यात हाती आलेला माल टाकून द्यावा लागतो, आणि त्यावरून या विषयातले जाणकार अजूनही हमरीतुमरीवर येतात.