टेक्काच्या पाटीवरची भाषा

(दृश्य : टेक्का बाजार, सकाळची वेळ. मासळीचे गाळे, भाजीची गर्दी.)

सिंगापूरच्या सेरंगून रोडवरचा हा टेक्का बाजार. कढीपत्ता, सुरमई, केळीची पानं, सगळं इथे मिळतं.

'टेक्का' हा शब्द होक्कियेन या दक्षिण चिनी बोलीतला. बांबूच्या बेटाचा पायथा, असा त्याचा अर्थ. 1980 च्या दशकात बाजार नव्या इमारतीत आला आणि पाटीवर नाव लागलं 'झूजियाओ'. चिनी अक्षरं तीच, उच्चार मात्र मँडरिनचा, म्हणजे प्रमाण चिनीचा. गिऱ्हाइकांच्या तोंडी ते काही बसेना. ती टेक्काच म्हणत राहिली. शेवटी 2000 मध्ये पाटीनेच माघार घेतली.

शाळेला अशी माघार घेता आली नाही.

(दृश्य : शाळेचं आवार. मुलांच्या रांगा.)

1965 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा इथे चार माध्यमांच्या शाळा होत्या : इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ. 1966 मध्ये माध्यमिक शाळेतही दुसरी भाषा सक्तीची झाली. इंग्रजी पोटासाठी, 'मातृभाषा' संस्कारांसाठी, अशी वाटणी.

पण मातृभाषा म्हणजे कोणाची? ती ठरली वंशाच्या नोंदीवरून, आणि ही नोंद बहुधा वडिलांची. चिनी मुलाची मातृभाषा मँडरिन, मग घरात आजी होक्कियेन बोलो, तेओच्यू बोलो की कँटनीज. उपपंतप्रधान गोह केंग स्वी यांच्या 1979 च्या अहवालाने हेच दुखणं मांडलं : शाळेत शिकवल्या जाणाऱ्या भाषा 85 टक्के मुलांच्या घरी बोलल्याच जात नव्हत्या.

यावर सरकारने उपाय काढला तो घर बदलण्याचा. त्याच वर्षी 'मँडरिन बोला' मोहीम सुरू झाली. रेडिओ-टीव्हीवरचे बोलींमधले कार्यक्रम बंद होत गेले. चिनी माध्यमाचं नानयांग विद्यापीठ 1980 मध्ये विलीन झालं. 1987 पासून सगळ्या शाळांची पहिली भाषा इंग्रजी.

(दृश्य : वर्गात गणित सोडवणारी मुलं.)

2022 च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीत सिंगापूरची पंधरा वर्षांची मुलं गणित, वाचन आणि विज्ञान, तिन्हींत जगात पहिली आली. हे यश खोटं नाही.

आता जनगणना पाहा. घरात मुख्यतः इंग्रजी बोलणारे 2010 मध्ये 32.3 टक्के होते, 2020 मध्ये 48.3. चिनी बोली 14.3 वरून 8.7 वर आल्या. तमिळ 3.3 वरून 2.5 वर. आणि जिच्यासाठी बोलींना घराबाहेर काढलं, ती मँडरिनही 35.6 वरून 29.9 वर.

मुलांना दुसरी भाषा शिकवण्याची आपली सुरुवातच चुकली, हे सिंगापूरचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांनी 2009 मध्ये स्वतः कबूल केलं. मँडरिन ते स्वतःही मोठेपणीच शिकले होते.

इथल्या मराठी घरांनाही हा प्रश्न ओळखीचा आहे. भारतीय मुलाला मातृभाषेच्या तासाला तमिळ घेता येते, किंवा हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती, उर्दू. या यादीत मराठी नाही. मग बरीच मुलं हिंदी घेतात, आणि प्रगतिपुस्तकात ती 'मातृभाषा' म्हणूनच येते.

(दृश्य : इमारतीखालच्या बाकांवर बसलेले वृद्ध.)

2016 मध्ये ज्येष्ठांसाठीच्या योजना समजावून सांगणारी एक टीव्ही मालिका आली. सरकारी पैशातून बनलेली, आणि होक्कियेनमध्ये.