हरला, पण शरण गेला नाही : ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन, १९९७

[काळा पडदा. काच फुटल्याचा आवाज.]

२३ मार्च १९९७. शिकागोला लागून असलेल्या रोझमॉन्ट गावातलं रोझमॉन्ट होरायझन हे स्टेडियम, आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) या अमेरिकन कुस्ती कंपनीचा वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम, रेसलमेनिया १३. काचेच्या त्या आवाजापाठोपाठ येतोय तो स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन. काळी चड्डी, काळे बूट, अंगावर दुसरा रंग नाही. या रात्री तो खलनायक आहे. त्याच्यानंतर येईल तो ब्रेट हार्ट, गुलाबी-काळ्या पोशाखातला नायक.

पुढची २२ मिनिटं ५ सेकंद नीट पाहा. कुस्ती सुरू होताना जो नायक आहे तो संपताना खलनायक झालेला असेल, आणि खलनायक नायक. कुस्तीच्या भाषेत याला डबल टर्न म्हणतात. असे प्रयत्न पुष्कळ झाले. इतक्या सफाईने जमलेला दुसरा दाखवणं अवघड आहे.

[रिकामी रिंग, वरून. मग खालून, कॅनव्हास काढलेला.]

आधी ही जागा बघून घेऊ. रिंगची एक बाजू २० फूट. चार कोपऱ्यांना लोखंडी खांब, खाली लोखंडी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर फोमचा पातळ थर आणि वर ताणून बांधलेला कॅनव्हास. फोम इतका पातळ असतो की त्याला गादी म्हणणं धाडसाचं होईल. फळ्या थोड्या दबतात, आणि खाली पोकळी असल्यामुळे पडण्याचा आवाज ढोलासारखा घुमतो. तो आवाज मोठा असला तरी मार खोटा नसतो.

[एक पैलवान पाठीवर पडतो. तेच दृश्य संथ गतीत.]

याला बंप म्हणतात. हनुवटी छातीला चिकटलेली हवी. दोन्ही हात शरीरापासून थोडे दूर, तळवे खाली, आणि पाठ टेकते त्याच क्षणी हात आपटायचे, म्हणजे धक्का पाठभर पसरतो. हनुवटी सुटली तर डोक्याचा मागचा भाग आपटतो. घाबरून हात मागे टेकला तर मनगट नाहीतर कोपर जातं. नवशिक्याकडून पहिल्या काही दिवसांत हेच करून घेतात, कारण हात मागे टेकणं ही शरीराची उपजत सवय आहे आणि ती मोडायला वेळ लागतो.

ब्रेट हे घरी शिकला. कॅनडातल्या कॅल्गरीत वडील स्टू हार्ट यांच्या घराच्या तळघरात तालीम होती. तिचं नाव डंजन, म्हणजे अंधारकोठडी. ब्रेटचे डाव घासूनपुसून ठेवलेल्या हत्यारासारखे दिसतात, ते तिथून आले.

[जुन्या कार्यक्रमांची दृश्यं, तारखांसह.]

आता भांडण. जून १९९६ मध्ये ऑस्टिनने किंग ऑफ द रिंग ही स्पर्धा जिंकली आणि ब्रेटच्या नावाने आव्हानं देत सुटला. १७ नोव्हेंबर १९९६ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोघे भिडले. ऑस्टिनने मागून गळ्याला मिठी घातली होती. ब्रेटने कोपऱ्याच्या उशीवर पाय रोवून मागे झेप घेतली, आणि मिठी न सोडणारा ऑस्टिन स्वतःच्याच पाठीवर पडला, पंचाने तीन मोजले. ही गोष्ट लक्षात ठेवा. ऑस्टिन हरला तो पकड न सोडल्यामुळे.

१९ जानेवारी १९९७ ची रॉयल रंबल, म्हणजे वरच्या दोरावरून बाहेर गेला तो बाद अशी अनेकांची एकत्र कुस्ती. ब्रेटने ऑस्टिनला दोरावरून बाहेर टाकलं, पण पंचांचं लक्ष दुसरीकडे. ऑस्टिन परत आत शिरला आणि शेवटी ब्रेटलाच बाहेर फेकून जिंकला. १३ फेब्रुवारीला तेव्हाच्या विजेत्याने, शॉन मायकल्सने, विजेतेपदाचा पट्टा सोडला. १६ तारखेला ब्रेटने तो जिंकला आणि दुसऱ्याच दिवशी ऑस्टिनच्या लुडबुडीमुळे सिड या पैलवानाकडे गमावला. रेसलमेनियाच्या आधीच्या सोमवारी पिंजऱ्यातली कुस्तीही हातची गेली. तेव्हा ब्रेटचा तोल सुटला. त्याने कंपनीचा मालक विन्स मॅकमहनला ढकललं आणि माइकवर शिव्या घातल्या.

या सगळ्यात ब्रेटची बाजू खरी आहे. रंबलमध्ये त्याच्यावर अन्याय झालाच होता. पण तेच तेच गाऱ्हाणं दर आठवड्याला ऐकलं की माणसं कंटाळतात. लिहिणाऱ्यांनी हे ओळखलं. ब्रेटला खोटारडा न ठरवता त्यांनी त्याला रडगाणं गाणारा केला.

[केन शॅमरॉक, पंचाच्या पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टात.]

या कुस्तीचा नियम साधा आहे. पाठ टेकवून निकाल नाही, बाहेर गेल्याची मोजणी नाही. समोरच्याच्या तोंडून ‘शरण’ वदवायचं. पंच केन शॅमरॉक, यूएफसी या मिश्र युद्धकलांच्या स्पर्धेत, पिंजऱ्यात खऱ्या लढती लढलेला. सांधा कधी तुटतो हे ठाऊक असलेला माणूस पंच म्हणून उभा केल्यावर पकडींना आपोआप वजन येतं.

आपल्याकडे लाल मातीत चितपट करणाऱ्याचा विजय. खांदे मातीला लागले, प्रश्न मिटला. ‘लुटुपुटूची कुस्ती’ ही आपल्याकडे शिवी आहे, आणि निकाली कुस्तीच्या मैदानात ती शिवीच असायला हवी. इथे निकाल आधीच ठरलेला आहे आणि स्टेडियममधल्या बहुतेकांना ते माहीत आहे. म्हणून इथे जोखायचं ते वेगळं : दुखणं पटतं का, एका डावातून दुसरा डाव निघतो का, आणि नियम गोष्टीच्या कामी येतो का. शरणागतीच्या नियमाने एक दार उघडं ठेवलंय. माणूस हरू शकतो आणि तरी शरण न गेलेला असू शकतो.

[कुस्ती सुरू. ऑस्टिन धावत येऊन ब्रेटचे पाय धरतो.]

नमस्कार-चमत्कार नाहीत. ब्रेट रिंगमध्ये येतो न येतो तोच ऑस्टिन त्याच्यावर झेपावतो. मातीत दुहेरी पट काढावा तसे दोन्ही पाय धरून खाली पाडतो. दोघे बाहेर, खांबावर आपटाआपटी, मग कठडा ओलांडून थेट प्रेक्षकांत.

हा भाग या कुस्तीतला सर्वांत कच्चा. गर्दीत कॅमेऱ्याला दोघे नीट सापडत नाहीत, मारामारी डोक्यांच्या मागे हरवते, आणि शरणागतीच्या कुस्तीत इथे एकही पकड नाही. याचं निम्म्यात भागलं असतं. फायदा एवढाच, की प्रेक्षक उभे राहिले ते उभेच राहिले.

[ब्रेट ऑस्टिनचा गुडघा धरतो. संथ गती.]

रिंगमध्ये परतल्यावर ब्रेट कामाला लागतो. गुडघा, परत गुडघा, परत तोच गुडघा. त्याचा हुकमी डाव पायांवरच आहे. लाथ कुठे बसते पाहा : मांडीच्या मागच्या मांसल भागावर. वाटीवर बसली तर उद्याची कुस्ती नाही. मग तो ऑस्टिनला खांबापाशी ओढतो, त्याचे पाय खांबाभोवती अडकवून स्वतः बाहेर उलटा लोंबकळतो. ब्रेटचं सगळं वजन आता त्या लोखंडी खांबावर आहे.

या पिढीच्या कुस्त्या बांधायची रीत गाण्यासारखी होती. सम ठरलेली, मधला विस्तार तिथेच. शेवट ठरवून आत जायचं, दोनचार मोठे प्रसंग ठरवायचे, बाकीचं गळामिठीत कानात पुटपुटत उरकायचं. याच्या उलट टोक म्हणजे १९८७ च्या रेसलमेनिया ३ मधली रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची कुस्ती, १४ मिनिटं ३५ सेकंदांची. सॅव्हेजने तिचा डावन् डाव क्रमाने लिहून काढला होता आणि स्टीमबोटकडून तो पाठ करून घेतला होता. ती घड्याळासारखी नेमकी आहे. पण त्या कुस्तीत श्वास घ्यायला जागा नाही. इथे आहे, आणि त्या मोकळ्या जागेतच ऑस्टिनचं लंगडणं मुरत जातं.

[खुर्ची. ब्रेट कोपऱ्यावर चढतो.]

ब्रेट ऑस्टिनचा घोटा घडीच्या खुर्चीत अडकवून कोपऱ्यावर चढतो. वरून उडी मारून घोटा मोडायचा बेत. हे नायकाचं काम आहे का? समालोचक अजून त्याची बाजू सावरतायत, प्रेक्षक गोंधळलेत. तेवढ्यात ऑस्टिन पाय सोडवून तीच खुर्ची ब्रेटवर हाणतो आणि लोक ओरडतात. आनंदाने. सूर पहिल्यांदा फिरला तो इथे. आवाज बंद करून पाहिलंत तर हा क्षण निसटेल.

थोड्या वेळाने ऑस्टिन कोपऱ्यावरून ब्रेटला उचलून मागे टाकतो. डाव देखणा, पण जागा चुकली. ज्याचा गुडघा इतका वेळ पिळला गेलाय, तो दुसऱ्याचं वजन घेऊन दोरावर उभा कसा राहतो? खाली आल्यावर तो लंगडतो, पण वर असताना गुडघा विसरला होता. या कुस्तीला पैकीच्या पैकी गुण देणारे इथे डोळेझाक करतात.

[रिंगबाहेर. ऑस्टिन कठड्यावर आदळतो. चेहरा वर येतो तेव्हा रक्त.]

हे रक्त खरं आहे. रीत अशी : ब्लेडचा तुकडा चिकटपट्टीत गुंडाळून मनगटाच्या किंवा बोटाच्या पट्टीत लपवायचा, फक्त टोक बाहेर. चीर कपाळावर, केसांच्या कडेला द्यायची. तिथे कातडीखाली लगेच हाड आहे आणि रक्तवाहिन्या वरवर, म्हणून छोटी चीरही खूप वाहते. हात जरा जास्त खोल गेला तर रक्तवाहिनी कापली जाते आणि रक्त थांबत नाही. त्यावर घाम, आणि इतका वेळ धावपळ केलेल्या माणसाची नाडी, म्हणून धार पातळ होऊन चेहराभर पसरते.

कंपनीला तेव्हा रक्त नको होतं. चीर आपण दिली आणि मॅकमहनला आधी सांगितलं नव्हतं, असं ब्रेटने पुढे सांगितलं. पडद्यावर कळत काहीच नाही. दोघे वाकलेले, कॅमेरा पाठीमागे, एक गुद्दा. पुढच्या चौकटीत लाल कपाळ.

[विजेची वायर. मग घंटा.]

ऑस्टिन विजेची वायर उचलतो आणि रिंगच्या कडेवर ब्रेटचा गळा आवळतो. ब्रेटच्या हाताला घंटा लागते, तो ती ऑस्टिनच्या डोक्यावर हाणतो. ऑस्टिन कोसळतो. घंटेला या कंपनीत इतिहास आहे. १९८६ मध्ये सॅव्हेजने घंटेनेच स्टीमबोटचा गळा जायबंदी केला होता, निदान गोष्टीत तरी. तेव्हा घंटा खलनायकाच्या हातात होती, आता ब्रेटच्या हातात आहे.

[शार्पशूटर. आधी संथ गतीत, मग पूर्ण वेगात.]

आणि हा तो डाव, शार्पशूटर. समोरचा उताणा. त्याच्या दोन पायांच्या मधे आपला एक पाय घालायचा. त्याचे पाय आपल्या पायाभोवती एकमेकांवरून वळवून काखेत घट्ट धरायचे. मग त्याला ओलांडून पालथा करायचा आणि कमरेवर बसत मागे रेलायचं. ताण कमरेवर आणि गुडघ्यांवर येतो. चुकतं ते बसण्यात. फार ताठ उभं राहिलं तर पकड खोटी दिसते, सगळं वजन टाकलं तर मणका दुखावतो. ब्रेट नेमका मधे थांबतो. जपानमध्ये रिकी चोशूने हा डाव गाजवला, अमेरिकेतल्या घराघरात तो ब्रेटच्या नावाने गेला.

या डावात दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना असतात. म्हणून कॅमेरा ऑस्टिनच्या समोर, कॅनव्हासच्या पातळीला ठेवला की चौकटीत चेहरा एकच उरतो. ब्रेटची फक्त पाठ.

[ऑस्टिनचा चेहरा. निवेदन थांबते. २० सेकंद फक्त मूळ आवाज.]

[ऑस्टिन हातांवर उठतो. ब्रेट तोल जाऊन पडतो, पण पाय सोडत नाही.]

ही पकड सहसा कुणी सोडवत नसे. इथे क्षणभर सुटल्यासारखी वाटते, आणि स्टेडियमचा आवाज कुणाच्या बाजूने उठतो ते ऐका. ब्रेट सावरून पुन्हा बसतो. ऑस्टिनचं डोकं हळूहळू खाली जातं. शॅमरॉक विचारतो. उत्तर नाही. तो परत विचारतो. ऑस्टिन शुद्धीवर नाही. घंटा.

कागदावर ब्रेट हार्ट विजयी.

[घंटेनंतर ब्रेट परत ऑस्टिनचा पाय धरतो.]

ब्रेट इथे थांबला असता तर नायकच राहिला असता. तो बेशुद्ध माणसाच्या गुडघ्यावर परत तुटून पडतो. शॅमरॉक मागून कंबर धरून त्याला उचलून आपटतो. ब्रेट उठतो, समोरासमोर येतो, आणि मागे फिरतो. एवढंच. धिक्काराचा आवाज छतापर्यंत जातो. एका शब्दाचं भाषण न करता माणूस खलनायक झाला.

त्याच वर्षी ३ ऑगस्टला ब्रेटचा भाऊ ओवेन हार्ट याच्या पाइलड्रायव्हरने, म्हणजे उलटा धरून डोक्यावर आपटायच्या डावाने, ऑस्टिनची मान जायबंदी झाली, आणि ९ नोव्हेंबरला माँट्रियलमध्ये ब्रेटची या कंपनीतली तेव्हाची कारकीर्द वादात संपली. डोक्यावर खुर्ची मारण्यावर पुढे बंदी आली.

[ऑस्टिन कठड्याच्या आधाराने उभा राहतो.]

मदतीला एक पंच येतो. ऑस्टिन त्याला तिथेच स्टनर हा आपला हुकमी डाव देऊन आडवा करतो. मग एकटा निघतो. उजवा-डावा पाय सारखा पडत नाहीये, म्हणजे गुडघा त्याच्या लक्षात आहे. चेहऱ्यावरचं रक्त आता वाळत चाललंय. सुरुवातीला ज्याच्यावर लोक ओरडत होते, त्याचंच नाव आता तालात, एका सुरात घेतलं जातंय. तो वर बघत नाही.

[मूळ आवाज वाढत जातो. पडदा काळा.]