मोस्तारचा जुना पूल

नमस्कार श्रोतेहो.

बोस्नियात नेरेत्वा नदीच्या काठी मोस्तार नावाचं शहर आहे. पुलाची राखण करणाऱ्यांना तिथे ‘मोस्तारी’ म्हणत, त्यावरून गावाला हे नाव पडलं. आणि तो पूल? त्याचं नाव स्तारी मोस्त, म्हणजे नुसतं ‘जुना पूल’.

उस्मानी सुलतान सुलेमानच्या हुकमावरून मिमार हैरुद्दीन या वास्तुकारानं तो बांधला. १५६६ मध्ये काम पुरं झालं. एकच कमान, जवळपास २९ मीटर लांब, मध्ये एकही खांब नाही. घडीव दगडांत खाचा पाडून लोखंडी आकडे बसवले आणि वरून वितळलेलं शिसं ओतलं. सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतल्याचं आपण लहानपणापासून ऐकत आलोय, त्यामुळे या कारागिरीचं मोल तुम्हांला वेगळं सांगायला नको.

१९९२ मध्ये युगोस्लाव्हिया फुटला आणि बोस्नियात युद्ध पेटलं. आधी खांद्याला खांदा लावून लढलेले क्रोएट, म्हणजे तिथले कॅथलिक, आणि बोस्नियाक, म्हणजे तिथले मुस्लिम, पुढच्याच वर्षी एकमेकांवर उलटले. लोकांनी पुलाला वाचवायला त्यावर जुने टायर बांधले, पत्रे लावले. घरातल्या आजाऱ्याला पांघरूण घालावं तसं. क्रोएट सैन्याचे तोफगोळे आदळतच राहिले, आणि ९ नोव्हेंबर १९९३ च्या सकाळी ४२७ वर्षांची ती कमान नदीत कोसळली.

युद्ध संपल्यावर हंगेरीच्या लष्करातल्या, पाण्यात बुडी मारणाऱ्या जवानांनी तिचे दगड नदीतून वर काढले. बहुतेक दगड पुन्हा बसवण्याजोगे उरले नव्हते. मग गावाजवळचाच, पूर्वी वापरलेला ‘तेनेलिया’ जातीचा दगड आणला, हातानं घडवला, तसेच आकडे बसवले, तसंच शिसं ओतलं. काँक्रीटनं काम लवकर झालं असतं. तो मोह टाळला, हे मला फार मोठं वाटतं. २३ जुलै २००४ ला पूल खुला झाला. पुढच्याच वर्षी युनेस्कोनं त्या परिसराला जागतिक वारशात घेतलं.

माणसं जोडायला मात्र वेळ लागतो आहे. राजकीय तंट्यापायी मोस्तारमध्ये २००८ नंतर थेट २०२० च्या डिसेंबरात महापालिकेची निवडणूक झाली. बारा वर्षं! कमान उभी राहायला तीन वर्षं पुरली होती.

पुलाच्या टोकाशी एक दगड ठेवलाय. ‘९३ विसरू नका’, एवढंच त्यावर लिहिलंय. त्याच्या शेजारून गावातली पोरं पुलाच्या मध्यावर जातात, कठडा ओलांडतात आणि वीसेक मीटर खाली, भर उन्हाळ्यातही हाडं गारठवणाऱ्या नेरेत्वात उडी घेतात. शेकडो वर्षं घेत आलीत तशीच.