आवडलेल्या पुस्तकाविषयी बोलताना

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात वाचनकट्ट्याच्या वतीने केलेले भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

आदरणीय अध्यक्ष महोदया, कार्यकारिणीचे सदस्य आणि वाचक मित्रमैत्रिणींनो,

आपल्या वाचनकट्ट्यावर ‘मला आवडलेले पुस्तक’ हा विषय कायमचा मुक्कामाला आहे. आज मेळाव्याच्या निमित्ताने कट्ट्यावर कधी न फिरकलेली मंडळीही समोर बसली आहेत, तेव्हा आणखी एका पुस्तकाची ओळख करून देण्यापेक्षा, आवडलेल्या पुस्तकाविषयी आपण बोलतो कसे, याचाच थोडा विचार करावा असे मला वाटले. माझी तक्रार आधीच सांगून टाकतो. आपण पुस्तकांविषयी भरभरून बोलतो, पण त्या बोलण्यात पुष्कळदा पुस्तक नसते आणि आपण स्वतःही नसतो. असतात ती फक्त कौतुकाची विशेषणे.

मंडळाच्या कपाटातल्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानाआड अभिप्रायासाठी एक कोरा कागद चिकटवलेला आहे. पुस्तक परत करताना वाचकाने त्यावर चार ओळी लिहाव्यात, अशी अपेक्षा आहे आणि पुष्कळ जण ती मनोभावे पाळतात. ‘अप्रतिम’, ‘केवळ अप्रतिम’, ‘खिळवून ठेवणारे’, ‘अंतर्मुख करणारे’, ‘प्रत्येकाने एकदा तरी वाचावे असे’. हे कागद सोडवून एकत्र मिसळले आणि कोणता अभिप्राय कोणत्या पुस्तकावरचा ते ओळखा, अशी स्पर्धा ठेवली, तर बक्षीस मंडळाच्या तिजोरीतच राहील. या शब्दांमागची भावना खोटी असते असे मी म्हणत नाही. ती खरीच असते, फक्त दुसऱ्यापर्यंत पोचत नाही.

याच कागदांपैकी व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’वरचा एक अभिप्राय मात्र मला जवळपास पाठ झाला आहे. पेन्सिलीने, नाव न घालता, कुणीतरी लिहिले आहे : ‘शेवटी दुष्काळात वाडी उठून जाते, ते लेखक इतक्या कोरड्या आवाजात सांगतो की रडण्याचे काम आपल्यावर येऊन पडते. सुरुवातीची पाने संथ वाटतील. मलाही वाटली होती. घाई असेल तर हे पुस्तक आत्ता नेऊ नये.’ एवढेच. ‘बनगरवाडी’ १९५५ साली प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून तिच्यावर विद्वानांनी भरपूर लिहिले आहे. पण पुस्तक न्यावे की नाही, अशा विचारात कपाटासमोर उभ्या असलेल्या माणसाला या पेन्सिलीतल्या ओळी जे देतात, ते विद्वानांच्या प्रबंधातून मिळणार नाही. काय आवडले, कुठे आवडले, काय खटकू शकेल आणि कोणत्या मनःस्थितीत हे वाचू नये, हे सारे त्यात आहे. लिहिणाऱ्याने पुस्तकाची बाजू सावरलेली नाही, म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो.

आपल्यासारख्या परमुलखात राहणाऱ्या मराठी वाचकांना अशा अभिप्रायाची गरज जरा जास्तच असते. दुकानात उभे राहून मराठी पुस्तक चाळावे, दोन पाने वाचावीत, आवडले नाही तर परत फळीवर ठेवावे, हे सुख आपल्याला रोजचे नाही. कुणीतरी मायदेशी जाते, येताना सामानाच्या वजनात बसतील तेवढी पुस्तके आणते आणि ती निवडताना तिला दुसऱ्या कुणाच्या तरी शब्दावरच विसंबावे लागते. ई-पुस्तके आणि श्राव्य पुस्तके आल्यामुळे वजनाचा प्रश्न सुटला असला, तरी निवडीचा सुटलेला नाही. उलट ढीग वाढल्यामुळे तो अधिक बिकट झाला आहे. भारतातील ग्रंथालयशास्त्राचे आद्य प्रवर्तक शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली जे पाच नियम मांडले, त्यांपैकी दोन असे की, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. जिथे पूर्णवेळ ग्रंथपाल नाही, तिथे ही गाठ घालून देण्याचे काम वाचकांनाच एकमेकांसाठी करावे लागते, आणि ‘अप्रतिम’ या एका शब्दाने ते होत नाही.

इथे एक शंका मला नेहमी ऐकू येते : ‘आम्ही काही समीक्षक नाही, आमच्या मताला काय किंमत?’ ही विनम्रता मला अनाठायी वाटते. समीक्षकाचे काम वेगळे आहे. पुस्तक वाङ्मयाच्या परंपरेत कुठे बसते, त्याची घडण कशी आहे, हे तो सांगतो आणि त्यासाठी अभ्यास लागतो. पण पुस्तकाचे आयुष्य त्याच्या एकट्याच्या निवाड्यावर ठरत नाही, याला मराठीतच ठसठशीत दाखला आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली आणि त्या काळातला सर्वांत धारदार टीकाकार म्हणून लौकिक मिळवला. त्यांनी जोतीराव फुल्यांच्या लेखनाची, त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची यथेच्छ टिंगल केली. त्यानंतर दीड शतक लोटले. १८७३ साली निघालेली ‘गुलामगिरी’ आजही छापली जाते, वाचली जाते, तिच्यावर वाद होतात. आणि त्या टिंगलीचा उल्लेख आता बहुधा चिपळूणकरांच्या मर्यादा दाखवण्यासाठीच होतो. हे पुस्तक आपल्यासाठी आहे, असे ज्या वाचकांना वाटले त्यांनी ते जपले, एकमेकांच्या हाती दिले. वाचकाच्या मताची किंमत ती ही.

अर्थात वाचकांचे एकमत होते असे मुळीच नाही, आणि होऊही नये. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ साली आली, तेव्हापासून तिच्यावरून दोन तट पडलेले आहेत. आपल्या कट्ट्यावरही ते पडले होते आणि ती बैठक ज्यांनी अनुभवली, त्यांना ती आठवत असेल. एका ज्येष्ठ सभासदांनी अतिशय शांतपणे सांगितले की, वडिलांच्या पैशावर पुण्यात येऊन चैन करणारा आणि शेवटी हात हलवत गावी परतणारा पांडुरंग सांगवीकर त्यांना मुळीच सहन झाला नाही. आपण त्या वयात घरी पैसे पाठवत होतो, हेही त्यांनी सांगितले. त्यावर एका तरुण सभासदाने म्हटले की, तोही खेड्यातून शहरात शिकायला गेला होता, वसतिगृहात त्याने ही कादंबरी वाचली आणि धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूचे प्रकरण आल्यावर त्याने पुस्तक मिटून ठेवले, ते कित्येक दिवस उघडले नाही. दोघांपैकी कुणीही मत बदलले नाही. मात्र ज्येष्ठांनी बैठक संपल्यावर तेवढे एक प्रकरण पुन्हा वाचायला म्हणून पुस्तक मागून नेले. दोघांनीही आपले मत कुठून येते ते लपवले नाही, म्हणून हे शक्य झाले. ‘कादंबरी भिकार आहे’ आणि ‘कादंबरी महान आहे’ एवढ्यावरच ते थांबले असते, तर आपल्याला चहा लवकर मिळाला असता, इतकेच.

वाचकांनी एकमेकांशी पुस्तकांविषयी बोलण्याचा मराठीतला माझ्या मते सर्वांत श्रीमंत नमुना म्हणजे जी. ए. कुलकर्णी आणि सुनीता देशपांडे यांचा पत्रव्यवहार. दोन्ही बाजूंची पत्रे पुढे पुस्तकरूपाने निघाली : सुनीताबाईंची ‘प्रिय जी. ए.’ या नावाने, आणि जी. एं.ची त्यांच्या निवडक पत्रांच्या पहिल्या खंडात. जी. ए. धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करणारे, माणसांत फारसे न मिसळणारे. पण पुस्तकांचा विषय निघाला की त्यांची लेखणी थांबत नसे. ही पत्रे वाचताना मला जाणवते ते असे की, दोघेही एकमेकांना पटवायला बसलेले नाहीत. मला हे असे दिसले, तुम्हांला कसे दिसले, असा त्यांचा सूर आहे. समोरच्याने ते पुस्तक वाचलेले आहे किंवा तो ते वाचणार आहे, हे गृहीत असल्यामुळे दिखाऊ विशेषणांची त्यांना गरजच पडत नाही. आपण सगळे जी. ए. नाही, हे उघड आहे. पण हा सूर लावायला प्रतिभा लागत नाही, समोरच्याविषयी कुतूहल लागते. ज्यांना शक्य असेल त्यांनी हे दोन्ही खंड शेजारी ठेवून वाचावेत.

कथानक सांगण्याविषयी थोडे बोलायला हवे, कारण कट्ट्यावरचा निम्मा वेळ त्यात जातो. कादंबरी आवडली की आपण ती पहिल्या प्रकरणापासून सांगायला लागतो, पात्रांची नाती समजावतो, मध्येच ‘नाही, ते आधी घडते’ म्हणून मागे जातो आणि वेळ संपल्याची खूण झाली की घाईघाईने शेवट सांगून टाकतो. यामुळे रहस्यकथांचे नुकसान होते ते होतेच. पण मोठे नुकसान असे की, तुम्हांला ते का आवडले हे सांगायला वेळच उरत नाही. ज्यांना उत्तम कथा सांगता येते, अशी माणसे आपल्यात आहेत आणि त्यांना मी हात जोडून यातून वगळतो. इतरांनी एखादाच प्रसंग घ्यावा, पुस्तक हातात घेऊन त्यातला परिच्छेद मोठ्याने वाचावा आणि मग बोलावे. पु. ल. देशपांडे आणि व. पु. काळे यांच्या नावावर त्यांनी कधीही न लिहिलेल्या ओळी इतक्या फिरत असतात की, पुस्तक हातात असण्याला आता वेगळेच महत्त्व आले आहे.

वाचून दाखवण्याचा आणखी एक फायदा मला गेल्या वर्षी दिसला. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर एक आजी बोलणार होत्या. हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाले आणि आजींनी ते आयुष्यभर पुन्हा पुन्हा वाचले आहे. त्यांनी लक्ष्मीबाईंचा विनोद इतक्या रंगून वाचून दाखवला की सभागृह हसत होते. त्यांच्याबरोबर त्यांची नातही आली होती. तिला देवनागरी सावकाश वाचता येते, म्हणून तिने शांता गोखले यांनी केलेला, २०१७ साली आलेला इंग्रजी अनुवाद वाचला होता. ती हसत नव्हती. तिने उठून विचारले की, हा नवरा घरात न सांगता पुन्हा पुन्हा निघून जातो आणि तुम्ही सगळे हसता कशाला? तिला त्या पुस्तकात आधी दिसला होता तो एका बाईवर झालेला अन्याय. आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, राग आहेच की. बाईने तो हसण्यात घालून ठेवलाय.’ मग त्यांनी तोच उतारा पुन्हा वाचला, आणि या वेळी तो वेगळाच ऐकू आला. मी ते पुस्तक पूर्वी दोनदा वाचले होते. मला यातले काही सुचले नव्हते. मुले मराठी पुस्तके अनुवादातून वाचतात किंवा कानांनी ऐकतात, म्हणून त्यांच्या मताला दुय्यम मानण्याची आपली सवय यामुळे सोडावी, अशी माझी विनंती आहे. त्यांना भाषेची चव कमी कळत असेल, पण आपल्या सवयीचे झालेले काही त्यांना अजून खुपते, आणि ते ऐकण्यासारखे असते.

एक नाजूक मुद्दा राहतो. आपल्यापैकी काही जण लिहितात, त्यांचे कवितासंग्रह किंवा प्रवासवर्णने निघतात, आणि त्यांवर कट्ट्यावर बोलायची वेळ येते. अशा वेळी आपण सारे एकाएकी ‘अप्रतिम’ पंथाचे होतो. प्रेमाने होतो, हे मला कळते. रोज भेटणाऱ्या माणसाला कोण दुखावणार? पण ज्याने कविता लिहिली त्याला, तुमची अमुक एक कविता मी तीन वेळा वाचली आणि तिच्यातली ही ओळ मला कळली नाही, असे सांगणारा वाचक भेटला तर तो दुखावत नाही, असा माझा अनुभव आहे. त्याला निदान कळते की कुणीतरी खरोखर वाचले. आणि पुस्तक आवडलेच नसेल, तर त्यावर बोलण्याचे आमंत्रण नाकारण्याची मुभा प्रत्येकाला आहे. त्यात अपमान मानू नये.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकांविषयीही कट्ट्यावर बोलायला हरकत नाही, असे आम्ही आता ठरवले आहे. गाजलेले पुस्तक आपल्याला झेपले नाही, हे सांगायची लाज वाटते आणि मग न वाचलेल्या पुस्तकाची स्तुती करण्याची पाळी येते. साठाव्या पानाला का सोडले, हे जो नीट सांगू शकतो, त्याने ती साठ पाने नीट वाचलेली असतात.

दुपारच्या सत्रात आपण गट करून बसणार आहोत. प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतील आणि प्रत्येकाने निदान एक परिच्छेद वाचून दाखवावा, अशी अपेक्षा आहे. ज्यांनी पुस्तक आणलेले नाही, त्यांच्यासाठी मागच्या टेबलावर मंडळाच्या कपाटातली पुस्तके मांडून ठेवली आहेत. त्यांतले पूर्वी वाचलेले एखादे उचलावे आणि जेवणाच्या सुटीत चाळून घ्यावे. ऐकणाऱ्यांनी बोलणाऱ्याला किमान एक प्रश्न विचारायचा आहे, आणि ‘कुठे मिळेल?’ हा प्रश्न त्यात धरला जाणार नाही. त्याची यादी दाराशी लावलेली आहे.