मावशी नेमक्या कोणाच्या नोकरीत?

[दृश्य: संध्याकाळ. पुण्यातली एक सोसायटी. गेटवरच्या रजिस्टरमध्ये नाव लिहिणारी बाई, खांद्याला कापडी पिशवी.]

निवेदन:
पावणेआठ वाजलेत. दिवसपाळीच्या मावशी, म्हणजे घरी येऊन रुग्ण सांभाळणाऱ्या बाई, निघायच्या तयारीत आहेत, रात्रपाळीच्या लिफ्टमध्ये. ड्युटी बारा तासांची, आठ ते आठ. घरात कुणी अंथरुणाला खिळलंय आणि मुलं नोकरीत नाहीतर परदेशात, अशा घरांमधून पुण्या-मुंबईत रोज दोन वेळा ही अदलाबदल चालते. यातल्या बऱ्याच जणी मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या. कुणी कोर्स केलेल्या, कुणी पहिल्याच आजोबांवर शिकलेल्या.

[दृश्य: ब्युरोचं ऑफिस. एक टेबल, दोन मोबाइल, भिंतीवर फ्रेममध्ये गुमास्ता.]

त्यांना पाठवतो ब्युरो. मोठ्या कंपनीचं ॲप असतं, गल्लीतल्या ब्युरोचे दोन मोबाइल. खाजगी रुग्णालयांना महाराष्ट्रात 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे, पण तो रुग्ण ठेवून घेणाऱ्या जागेला लागतो. इथे खाट रुग्णाच्याच घरातली. नर्स असेल तर तिची नोंदणी नर्सिंग कौन्सिलकडे असते. मावशींची कुठेच नाही. मग ब्युरोकडे कागद कोणता? दुकाने व आस्थापना कायद्याखालचा, म्हणजे गुमास्ता. साड्यांच्या दुकानात टांगलेला असतो तोच.

[दृश्य: रात्र. मंद दिवा. पलंगाच्या कडेला बसलेल्या मावशी, चेहरा दिसत नाही. हातांचा क्लोजअप.]

काम कसलं, ते जवळून बघू. दर दोन तासांनी कूस बदलायची. खालची चादर दोन्ही हातांनी ओढून माणूस अलगद वळवायचा, मग टाचा आणि माकडहाड बघायचं, लाली दिसतेय का. लाली म्हणजे बेडसोरची पहिली खूण. कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची, पिशवी रिकामी करण्याआधी मोजायची आणि वहीत लिहायचं: रात्री 2, लघवी 300. पहाटे नळीतून फीड. त्या वेळी डोक्याकडची बाजू उंच हवी, नाहीतर दूध फुप्फुसात जाऊ शकतं. हे शेवटचं काम खरं तर प्रशिक्षित नर्सचं. पण नर्सचे पैसे परवडत नाहीत, म्हणून पहिल्या दिवशी नर्स दाखवून जाते आणि दुसऱ्या दिवसापासून मावशीच करतात. हे सगळ्यांना माहीत आहे.

[दृश्य: टेबलावर छापील फॉर्म. बोट एका ओळीवर थांबतं.]

ब्युरोच्या फॉर्मवर बारीक अक्षरात एक ओळ सापडते. तिचा मथितार्थ असा, की आम्ही फक्त गाठ घालून देतो, पुढची जबाबदारी आमची नाही. घरच्यांना विचारा, ते म्हणतील, मावशी ब्युरोच्या. ब्युरोला विचारा, तो म्हणेल, पगार तुम्ही देता ना? आम्ही फक्त कमिशन घेतो.

ही टोलवाटोलवी गंमत म्हणून ऐकता येत नाही, कारण पुढचं सगळं तिच्यावर अडलेलं आहे. 2013 चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा घ्या. त्यात राहतं घरसुद्धा कामाची जागा धरलंय, आणि दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे अंतर्गत तक्रार समिती सक्तीची आहे. ब्युरो सांगतो, आमच्याकडे कामगार दोनच: मी आणि फोन घेणारी मुलगी. झाली समिती! मग मावशींनी जायचं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. ती कुठे बसते, हे किती जणींना ठाऊक असेल?

[दृश्य: कोऱ्या कागदावर पेनाने आकडेमोड.]

आता दुसरी बाजू, कारण सगळे ब्युरोवाले लबाड नसतात. समजा, एका एजन्सीने ठरवलं की मावशींना रीतसर नोकरीवर घ्यायचं. पगार धरू महिना 20,000. पीएफचा मालकाचा वाटा 12 टक्के, 15,000 च्या मर्यादेवर धरला तरी 1,800. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, सव्वातीन टक्के: 650. एजन्सीचा स्वतःचा खर्च आणि नफा मिळून 3,000 धरा. झाले 25,450. या अख्ख्या बिलावर मनुष्यबळ पुरवठा म्हणून 18 टक्के जीएसटी, 4,581. घरच्यांच्या हातात बिल पडतं 30,031 चं. रजा, बोनस यांचा हिशोब अजून केलेलाच नाही.

शेजारच्या गल्लीतला ब्युरो तेच 20,000 मावशींना थेट द्यायला लावतो, वर 3,000 कमिशन. एकूण 23,000. त्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत, म्हणजे जीएसटीचा प्रश्नच नाही. सात हजारांच्या फरकात कुठलं घर नियमाने चालणारी एजन्सी निवडेल? पेन्शनवर चाललेलं तर नाहीच.

[दृश्य: वृद्धाश्रमाचं अंगण. ऊन खात बसलेली मंडळी.]

याच जीएसटीत एक सवलत आहे. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमात साठीपुढच्या माणसाकडून राहणं, जेवण, देखभाल धरून महिन्याला 25,000 पर्यंत घेतले, तर कर माफ. त्याच आजींनी मात्र स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर राहायचं म्हटलं आणि एजन्सीच्या मावशी घेतल्या, की लावा 18 टक्के. आईवडिलांना घरी सांभाळा असं भाषणात सांगायचं आणि बिलात उलटं करायचं, याला काय म्हणावं?

सत्तरीपुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कवच मिळालं, ते चांगलंच झालं. पण ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. डिस्चार्जनंतर महिनोन्‌महिने जे चालतं, ते ज्याचं त्यानेच बघायचं.

[दृश्य: संसद भवन. जुनी चित्रफीत.]

कायदा करायचा प्रयत्न झाला होता. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा 2007 चा. त्यात दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आलं. घरपोच देखभाल देणाऱ्या संस्थांचा त्यात थेट उल्लेख होता: संस्थेची नोंदणी, सेवेचे किमान निकष, प्रशिक्षित आणि पोलीस पडताळणी झालेलेच परिचारक. विधेयक स्थायी समितीकडे गेलं, समितीने अहवालही दिला. पण ते मंजूर झालं नाही आणि 2024 मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द झालं.

घरकामगारांच्या बाजूनेही वाट अर्धीच आहे. महाराष्ट्राचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा. नोंद केली तर कल्याणकारी योजना आहेत, पण ड्युटी किती तासांची असावी, याला मंडळाकडे उत्तर नाही. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याची चौकट तपासायला केंद्राला समिती नेमायला सांगितलं. म्हणजे चेंडू पुन्हा समितीकडे.

[दृश्य: सकाळ. सोसायटीचं गेट. रजिस्टरवर नवी सही.]

नीती आयोगाचा अंदाज आहे की 2050 पर्यंत देशातला जवळपास प्रत्येक पाचवा माणूस साठीपुढचा असेल. एजन्सीवाले मागतात ती जीएसटी माफी रास्त आहे. ते ती मोठ्या आवाजात मागतात. पीएफचा विषय काढला की तोच आवाज खाली येतो. त्यामुळे माफी द्यायची तर ज्यांच्या हजेरीपटावर मावशींची नावं आहेत, फक्त त्यांनाच द्यावी. बाकीच्यांनी भरावा कर. अशाने सात हजारांचा फरक निम्म्याहून कमी होईल आणि रीतसर धंदा करणाऱ्याला बाजारात उभं तरी राहता येईल. एजन्सींच्या आणि मावशींच्या नोंदणीसाठी राज्याला दिल्लीची वाट बघायचं कारण नाही. कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात. माफीचा मुद्दा तेवढा जीएसटी परिषदेत नेऊन मांडावा लागेल.