खाऱ्या वाऱ्याची बेटं

नमस्कार श्रोतेहो.

स्कॉटलंड आणि आइसलंडच्या मधल्या समुद्रात फॅरो नावाची 18 बेटं आहेत. वस्ती पन्नास-पंचावन्न हजारांची. तिथे घराशेजारी एक लाकडी खोपटं दिसतं. फळ्याफळ्यांत मुद्दाम फटी सोडलेल्या, आत मेंढीच्या तंगड्या टांगलेल्या. मीठ लावायचं नाही. समुद्रावरून येणारा खारा वारा महिनोन्‌महिने त्यांना मुरवतो. धान्य फारसं पिकत नाही अशा जमिनीवर माणसं जगली ती या वाऱ्यावर, माशांवर आणि देवमाशांवर.

पायलट व्हेलचा कळप दिसला की गाव होड्या घेऊन निघतं, कळप उथळ खाडीत वळवतं, आणि मांसाचे वाटे घरोघर जातात. या शिकारीच्या नोंदी 1584 पासूनच्या आहेत. बाहेरचं जग त्यावरून त्यांना दूषणं देतं. पण मला सांगायचंय ते वेगळंच.

या लोकांनी वैद्यकाला फार मोठं दिलंय. 1846 मध्ये बेटांवर गोवर आला. पावणेआठ हजारांच्या वस्तीत सहा हजारांवर माणसं आजारी पडली. पानुम नावाचा पंचविशीतला डॅनिश डॉक्टर होडीने गावोगाव फिरला. त्याच्या ध्यानात आलं, की 1781 च्या साथीत ज्यांना लहानपणी गोवर झाला होता, त्या म्हाताऱ्यांना आता काहीच झालं नाही. पासष्ट वर्षांनंतरही शरीराला ओळख होती!

पुढे 1986-87 मध्ये हजारभर आयांनी बाळंतपणात नाळेतलं रक्त आणि आपले केस तपासायला दिले. देवमाशाच्या मांसात पारा साठतो, तो पोटातल्या बाळापर्यंत पोचतो का, हे बघायचं होतं. सात वर्षांनी मुलांची लक्ष, भाषा, स्मरणशक्ती तपासली, आणि जास्त पारा पोचलेली मुलं थोडी मागे असल्याचं दिसलं. या कामात पाल वाइहे हे तिथलेच डॉक्टर होते. आपल्याच माणसांना, आजोबा-पणजोबांच्या ताटातला घास सोडा म्हणून सांगणं किती जड गेलं असेल! 1998 मध्ये बायकांसाठी कडक सल्ला निघाला आणि पुढच्या वर्षांत गरोदर बायकांच्या रक्तातला पारा उतरत गेला. 2008 मध्ये तर हे मांस कुणीच खाऊ नये, असं तिथल्या वैद्यकांनी सांगितलं.

वाटे अजूनही होतात.